गोपसेठ आणि रुखवतातला कॉम्प्युटर

गोपसेठ गेले. भर लग्नात, माइकशिवाय, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांच्या मालाला डुप्लिकेट म्हणालो होतो.

आज ग्रुपवर सगळे लिहितायत, ‘दिलदार माणूस’. मला दुसरं काही आठवतच नाहीये.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सेकंड इयरला सरांशी भांडून मी कॉलेज सोडलेलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गोपसेठच्या दुकानात लागलो. पुढे काउंटर, मागे सोल्डरिंग.

सेठ होम कॉम्प्युटर बनवायचे. नाव ‘साथी-48’. रबराची बटणं, मेमरी फक्त 48 के. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्राम चढवायचा. पाच-पाच मिनिटं.

सर्किटचा नकाशा परदेशी मशीनवरून घेतलेला, ते कधी लपवलं नाही. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘मेड इन उल्हासनगर’.

तेव्हा आमच्याकडे सगळा बाजार सुईवरसुद्धा परदेशाचं नाव छापायचा. शेजारचे हसायचे. “सेठ, जपान लिहा, दुप्पट खपेल!”

सेठ त्यांच्या सिंधी ढंगात म्हणायचे, “अरे वडी, जपानमध्ये माझं कोण बसलंय?”

खप बेताचाच. गिऱ्हाईक विचारायचं, “यात पिक्चर दिसतो का?” नाही. “मग टीव्ही कशाला अडवायचा?”

अंबरनाथचे काही फॅक्टरी ऑफिसर मुलांसाठी घेऊन जायचे. दोन महिन्यांनी मशीन परत. बटणं दाबली जात नाहीत, तासाभरात तापतं. मी त्यांच्यावरच खेकसायचो.

“पुट,” सेठ म्हणायचे. पुट म्हणजे पोरा. “मशीन थंड राहायला हीटसिंक लावलाय. तुला पण एक लावू का?”

मग एक दिवस ती आली. वडिलांबरोबर.

नाव लिहीत नाही. कॉलेजात तिच्या मागच्या बाकावर बसायला मिळावं म्हणून मी वेळेवर जायचो, एवढं पुरे. तिला तसं कधी बोललो नव्हतो.

बदलापूरला लग्न होतं तिचं. वडील म्हणाले, “मिक्सर, कपाट सगळेच मांडतात. आमच्या मुलीच्या रुखवतात कॉम्प्युटर असला पाहिजे. पडद्यावर दोघांची नावं हवीत.”

सेठचे डोळे चमकले. रुखवत म्हणजे फुकटचं शोरूम. मुलाकडचे ठाण्यापासून कर्जतपर्यंतचे पाहुणे बघणार. साथी चालला तर तिथेच चालणार होता.

जाताना ती हळूच म्हणाली, “नीट करून दे हं. सगळे बघणारेत.”

मी चौकटीच्या कागदावर ठिपके भरून तिचं नाव मराठीत काढलं. मशीनमध्ये स्वतःची अक्षरं बनवायला मोजक्याच जागा असतात. तिच्या नावातच संपल्या.

नवऱ्याचं नाव इंग्लिशमध्ये गेलं.

सेठनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कॅसेटवर लेबल चिकटवलं.

लग्नाच्या दिवशी लाडवांचा डोंगर, साखरेची बाग, क्रोशाचे रुमाल, आणि मधोमध साथी. तिच्या आईने बटणांवर हळदीकुंकू वाहिलं. पडद्यावर नावं झळकली. बायका बोट दाखवत होत्या. सेठ नवा सफारी घालून खोकं हातात धरून उभे होते, ‘मेड इन उल्हासनगर’ची बाजू पुढे करून.

तेवढ्यात व्हिडिओ शूटिंगवाला आला. माझ्याच एक्स्टेन्शन बोर्डात त्याने हॅलोजन दिव्याची पिन खुपसली. मला ते दिसलं, अडवायला हवं होतं. पण ती नेमकी तेव्हाच बोहल्यावर निघाली होती, आणि मी तिकडे बघत होतो.

हॅलोजन लागला. टीव्ही थरथरला. नावं गेली.

मुलाचे मामा ओरडले, “काय हो, नवरी पडद्यावरून पळाली की काय?”

हॉल हसला.

मी पुन्हा कॅसेट लावली. लोड होईना. रागात टेपची वायर उपटली, तर कॅसेटमधल्या प्रोग्रामचा किंचाळणारा आवाज थेट टेपच्या स्पीकरवर. तिकडे स्टेजवर मंगलाष्टकं चाललेली.

“अरे बंद कर ते! काय भंगार आणलंय!” पुन्हा मामा.

तिने मान खाली घातली होती. अंतरपाटाआडून मला दिसलं.

आणि मी ओरडलो, “माझा प्रोग्राम बरोबर आहे! सेठचा मालच डुप्लिकेट आहे!”

आमच्या गावच्या मालासाठी लोकांच्या जिभेवर हा शब्द आयताच असायचा. मी घरचाच माणूस असून तो बोलून दाखवला.

सेठ पुढे आले. मामांपुढे हात जोडले. “मशीन माझी, गलती माझी. मुलीला काही बोलू नका.” स्वतः वायरी गुंडाळून साथी परत खोक्यात भरला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बदल्यात तिच्या घरी नवा मिक्सर पोचवला.

रिक्षात एवढंच म्हणाले, “हॅलोजनने व्होल्टेज खाल्लं, पुट. आपण वेगळा बोर्ड मागायला हवा होता.”

‘आपण’ म्हणाले.

त्यानंतर बदलापूरकडून एकही गिऱ्हाईक आलं नाही. अंबरनाथलाही ‘तो लग्नातला डुप्लिकेट’ म्हणूनच विचारायचे. पुढच्या दिवाळीत टेपरेकॉर्डरशिवाय चालणारे व्हिडिओ गेम आले. खोक्यावर जपान. सुटे भाग जोडून बनायचे मात्र आमच्याच मागच्या गल्लीत. धडाधड खपले.

सेठनी साथी बंद केला आणि जीन्सची बटणं विकायला लागले. मी भेटलो की “चाय पी” म्हणायचे. इतकी वर्षं चहा प्यायलो. माफी नाही मागितली.

काल स्मशानातून आल्यावर त्यांच्या मुलाने माळ्यावरून एक खोकं काढलं. “पापांनी हे कुणाला हात लावू दिलं नाही. तुझं आहे का?”

आत साथी होता. रबराच्या बटणांच्या फटीत हळदीकुंकू तसंच.

गोपसेठ, माल ओरिजिनल होता.
हे त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच मोठ्याने म्हणायला हवं होतं.

आता इथे लिहितोय. मान खाली घालून, हात जोडून.