रेवाकाकू आणि क्ष

रेवाकाकू प्रत्येकाला एकच प्रश्न दोनदा विचारत. एकदा आज, आणि पुन्हा काही दिवसांनी, सहज आठवल्यासारखं करून. उत्तरं जुळली तर माणूस खरा. नाही जुळली, तर त्याला त्यांच्या ओट्यावर पुन्हा चहा मिळत नसे. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत गणित शिकवायला आलो तेव्हा मी त्यांच्याच घरातली पुढची खोली घेतली. माझं गाव, आईचं माहेर, नोकरी कुणाच्या ओळखीने लागली, सगळं असंच दोनदा तपासून झालं. नवरा गेल्यावर दिरांच्या तावडीतून जमीन सोडवून त्यांनी ती एकटीने कसली होती. कुणाचा शब्द खरा मानणं त्यांना परवडलंच नव्हतं.

त्यांची शारदा नववीत, माझ्या वर्गात होती. ती मोठ्याने अभ्यास करी, आणि त्यात सारखा 'क्ष' येई. एका संध्याकाळी काकूंनी आपल्या अहिराणीत विचारलं, "क्ष कितला?"

"बारा," शारदा म्हणाली.

काही दिवसांनी काकूंनी पुन्हा विचारलं. शारदा वहीतून मान वर न करता म्हणाली, "सात."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. घरी परतलो तर काकू दारात उभ्या.

"मास्तर, हाऊ क्ष कोन शे? तवय बारा व्हता, आते सात शे. पोर खोटं बोली ऱ्हायनी, का तुम्हीच खोटं शिकाडतस?"

"काकू, क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या."

"माहीत नही, तर शिकाडतस काबर?"

मी जितकं समजावलं तितक्या त्यांच्या भुवया आवळत गेल्या. शारदाची पुस्तकं पेटीत गेली. दिराने तापीपलीकडचं एक स्थळ आणलं. एरवी दिराचं पाणीही न पिणाऱ्या काकू या वेळी नाही म्हणाल्या नाहीत. मी हरलो. शारदा नाही.

ओट्यावर दोघी कपाशी निवडत बसल्या होत्या. शारदा म्हणाली, "माय, आपलं नदीवालं वावर. गयेसाल तठे काय व्हतं?"

"ज्वारी."

"आते?"

"कपाशी."

"मंग वावरनं नाव बदलनं का?"

काकूंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "आनि मी जाईसन देखं नही, तोवर तठे काय शे ते माले कसं कळी?"

"ते देखानं म्हंजेच गणित सोडवानं, माय."

दुसऱ्या दिवशी काकू शारदाबरोबर वर्गात आल्या आणि शेवटच्या बाकावर पूर्ण तास बसून राहिल्या. मी फळ्यावर क्ष लिहिला की त्या माझ्याकडे नाही, मुलींच्या चेहऱ्यांकडे पाहत. त्या आठवड्यात दिराचं स्थळ परत गेलं.

शारदा मॅट्रिक झाली, मास्तरीण झाली. मी तोवर अक्कलकुव्याच्या शाळेत गेलो होतो. एका दुपारी काकू एस.टी.तून उतरल्या. बरोबर एक घामाघूम तरुण. शारदासाठी पाहिलेला मुलगा.

"मास्तर, याले एक गणित घाला. अवघड."

मी घातलं. तो बराच वेळ झगडला, मग कागद माझ्यापुढे सरकवून खाली मान घालून म्हणाला, "मला नाही येत, सर."

मला त्याची कीव आली. काकू मात्र उठल्या, पदर सावरला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहून हसल्या.

"हाऊ पोऱ्या चाली," त्या मला म्हणाल्या. "येत नही, ते तोंडवर सांगस."

त्यांनी त्याला दुसऱ्यांदा काहीच विचारलं नाही.