बर्फरावांच्या ताईचं रेनिन

आमच्या लॅबमधल्या ज्येष्ठ टेक्निशियनना आम्ही बर्फराव म्हणायचो. जगातली प्रत्येक गोष्ट गारव्यात टिकते, यावर त्यांचा ठाम विश्वास. आम्ही आळशी. रक्तातला पाणीदार भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा काढून टेबलावरच ठेवायचो आणि घरी जाताना डीप फ्रीझरमध्ये कोंबायचो. मग बर्फराव आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. गारवा हवा, पण डीप फ्रीझरमध्ये नमुन्याचा दगड करणं म्हणजे त्यांच्या मते निव्वळ अत्याचार.

अशात त्यांच्या थोरल्या ताईचं ब्लडप्रेशर औषधांना दाद देईना. डॉक्टरांनी रेनिन तपासायला सांगितलं. रक्तदाब वाढवण्यात या एन्झाइमचा हात असतो. "ताईच्या नमुन्याला कुणी बोट लावायचं नाही," असं बजावून बर्फरावांनी स्वतः रक्त काढलं. मशीन सोमवारी लागणार होतं. तोवर प्लाझ्मा फ्रिजमध्ये, तोही बर्फाच्या डब्यात. पोटच्या पोराला कुणी इतकं जपलं नसेल.

रिपोर्ट आला तो भलताच. रेनिन आकाशाला भिडलेलं! मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, मांडीतून नळी घालून बघावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईंचं धाबं दणाणलं. बर्फरावांचं तोंड एवढंसं झालं आणि मलाही खरंच वाईट वाटलं.

लॅबच्या मॅडमनी विचारलं, "नमुना कुठे ठेवला होता?"

"बर्फात!" बर्फरावांनी छाती पुढे काढली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, रक्तातलं बरंचसं रेनिन झोपलेलं असतं. त्याच्या कामाच्या जागेवर त्याचंच एक झाकण असतं. फ्रिजच्या गारठ्यात ते झाकण उघडतं आणि नको तेवढं रेनिन कामाला लागतं. हा नमुना बाहेर ठेवायचा, नाहीतर झटकन पूर्ण गोठवायचा. अधलंमधलं गारठवायचं नाही!"

म्हणजे या तपासणीचे आजवरचे रिपोर्ट आमच्या आळसामुळे बरोबर येत होते. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

पुन्हा रक्त घेतलं. या वेळी नमुना माझ्या ताब्यात. मॅडमनी बर्फरावांना जवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. रेनिन नॉर्मल आलं आणि नळी टळली.

ताई लॅबमध्ये आल्या. भावाचे दोन्ही हात धरले, डोळे भरून आले. "मागच्या वेळी कुणीतरी गाढवपणा केला असणार. या खेपेला तू डोळ्यांत तेल घालून बसलास, म्हणून वाचले रे."

आम्ही सगळे माना खाली घालून कामाला लागलो. बर्फरावांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"काय करणार ताई," ते म्हणाले, "हल्लीची पोरं फार निष्काळजी."