रिकाम्या खुर्चीचा सत्कार

शिरोलीला कामावर जाताना मी हातकणंगल्याजवळच्या एका शाळेसमोर एसटीची वाट बघायचो. तिथले विज्ञानाचे सर रोज दिसायचे, पण नाव कधी विचारलं नाही. खेड्यातल्या पोरांना अंतराळशास्त्रज्ञ करायचं त्यांना वेड. घंटा झाली की फाटकात उभं राहून उलटी मोजणी करायचे, "दहा, नऊ, आठ…" शून्याला फाटक बंद!

त्यांची एक विद्यार्थिनी अंतराळ संस्थेच्या मुलाखतीला निघाली. अजून निवड व्हायची होती, तरी गावानं शाळेच्याच मैदानावर सत्कार ठेवला; मीही गेलो. रेल्वेची वेळ झाली तरी अध्यक्षांचा पत्ता नाही. तोवर साखर कारखान्याचे एक संचालक गरजत होते, "चंद्रावर पाणी सापडू दे, पहिला ऊस आपल्याच तालुक्याचा!"

सर उठले. "दहा, नऊ, आठ…" लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी. टाळ्या पडल्या, हलगी वाजली. शून्याला सरांनी पोरीला स्कूटरवर बसवलं.

फाटकात मी म्हटलं, "सर, अध्यक्ष येतील की!"

"पावणं, रॉकेट हारासाठी थांबत न्हाय!"

अध्यक्ष आले. पोरीच्या रिकाम्या खुर्चीला शाल घालून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी चौकात त्या फोटोचं मोठं डिजिटल पोस्टर लागलं. त्यात खुर्चीसुद्धा दिसत नव्हती. पुढं सगळे पुढारी उभे होते.