एक भिंत मळवायला तळेगावला

वैशालीचा फोन आला तेव्हा मी एका दाढेवर डाग पाडत होते. नाशिकला माझी छोटी डेंटल लॅब आहे. नकली दात शेजारच्या दातांत मिसळून जायला हवा असेल तर त्याला थोडा पिवळेपणा, एखादी बारीक रेघ द्यावी लागते. नाहीतर माणूस हसला की सगळे त्या एकाच दाताकडे बघत बसतात.

"काय करतेयस?" तिने विचारलं.

"दात मळवतेय."

"मी भिंत मळवतेय. येतेस बघायला?"

वैशाली माझी शाळेपासूनची मैत्रीण. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली सिनेमांचे सेट रंगवले. कलादिग्दर्शन एकटीने करायचा हा तिचा पहिलाच सिनेमा, आणि त्याचं शूटिंग वर्धा जिल्ह्यात, तळेगाव (श्यामजी पंत) आणि आष्टीच्या मधल्या एका गावात चाललं होतं. "पडद्यावर माझं नाव येईल तोवर लोक खुर्च्यांमधून उठलेले असतील," ती हसत म्हणाली. हसणं काही खरं वाटलं नाही. मी चार दिवस लॅब बंद ठेवली आणि रेल्वेचं तिकीट काढलं. विदर्भ मी तोवर फक्त गाडीच्या खिडकीतून बघितला होता.

सकाळी वर्ध्याला उतरले. डिसेंबरचा गारठा होता. शाल बॅगेत सगळ्यात तळाशी ठेवायचा शहाणपणा मी केला होता, तो तुम्ही करू नका. बोरगाव मेघेला माझी आतेबहीण राहते. तिने तर्री पोह्यांची बशी पुढ्यात ठेवली आणि मी नाक पुसत पुसत ती संपवली. मी कशासाठी आलेय ते ऐकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भिंत खराब कराले पैसे भेटतात? काऊन नाई सांगितलं आधी? आमच्या घरी दोन पोट्टे हायेत, फुकटात करून देतीन."

त्या दिवशी मी मुक्काम तिच्याकडेच केला. संध्याकाळी बाजारात जाऊन गोरसपाकाचे दोन पुडे घेतले. तोंडात टाकला की विरघळणारा, तुपाचा वास येणारा हा बिस्किटासारखा प्रकार वर्ध्याला जाणाऱ्याने आणायलाच हवा. दोनातला एक पुडा घरी पोचला नाही, याबद्दल माझ्या घरच्यांची माफी.

दुसऱ्या दिवशी सकाळची आर्वीची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे चहाच्या दोन-चार कपांच्या पैशांत प्रवास झाला. आर्वीला गाडी बदलावी लागते. रस्ता बरा आहे, मधे मधे मात्र कंबर सांभाळून बसावं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि आर्वीच्या पुढे संत्र्याच्या बागा. झाडांना बांबूचे टेकू दिलेले होते, कारण फांद्यांना आपलाच भार पेलत नव्हता. मी शूटिंगचं गाव विचारलं तेव्हा कंडक्टरने वर बघितलं.

"उशीर केला ताई. हिरोइन तं काल येऊन गेली."

"मी भिंत बघायला चाललेय."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, सुट्टे पैसे हातावर ठेवले आणि तो पुढच्या सीटकडे वळला.

राहायची सोय तळेगावला हायवेवरच्या लॉजमध्ये होती. स्वच्छ चादर, गरम पाणी फक्त सकाळी आठपर्यंत. वैशाली मला तिथून स्कूटरवर थेट त्या घरी घेऊन गेली. घर सुमनकाकू आणि त्यांचे यजमान वामनराव यांचं, चार एकरांत कापूस आणि थोडा संत्रा पिकवणारं. समोर ओसरी, आणि ओसरीत ती भिंत.

खरं सांगते, मला काहीच दिसलं नाही. निळसर चुन्याची, वीस-पंचवीस वर्षं वापरातली एक भिंत. दाराच्या चौकटीजवळ हात लागून काळवंडलेली, कोनाड्यावर दिव्याची काजळी चढलेली. "यात तू काय केलंस?" असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं.

"गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाला यांनी ही भिंत गुलाबी केली होती," वैशाली म्हणाली. "ऑइलपेंट." मग तिने मला सगळं दाखवलं. गुलाबीवर निळा चुना चढवला. चहाच्या पाण्याचे ओघळ सोडले. काजळी बोटाने लावून फडक्याने टिपली. दाराजवळचा भाग काथ्याने घासून उघडा केला आणि सगळ्यावर पातळ सरसाचा हात दिला, डाग जागचे हलू नयेत म्हणून. चार दिवस लागले. "डाग पाडणं सोपं असतं," ती म्हणाली. "कुठे पाडायचा नाही, ते कळायला वर्षं जातात." दातांचंही तेच आहे. मी तिला तसं सांगितलं आणि आम्ही दोघी ओसरीत पाय पसरून बराच वेळ आपापल्या धंद्यांबद्दल बोलत राहिलो.

प्रसंग असा होता. सासरहून आलेली मुलगी दारात उभी आहे आणि बाप भिंतीला टेकून बसलाय. मुलीचा भाग आदल्या दिवशी झाला होता. बापाचं काम करणारा नट एकाच दिवसासाठी येणार होता, तो उद्या दुपारी. चार वाजताचं ऊन त्या भिंतीवर तिरपं येतं, तेव्हा त्याचा भाग. पडद्यावर दोन्ही एकाच क्षणाचे वाटायला हवेत, म्हणजे भिंत कालची होती तशीच उद्या हवी. सुमनकाकूंनी वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा असं जेवायला घातलं, आणि सगळी मंडळी उजेडातच लॉजवर परतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही ओसरीत पाय ठेवला आणि वैशाली जागच्या जागी थांबली.

भिंत स्वच्छ होती. ओली, एकसारखी, नीळ घातलेल्या चुन्याने नखशिखांत पोतारलेली. सुमनकाकू हातात फडकं आणि बादली घेऊन, कोपरापर्यंत निळ्या होऊन, प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या.

"या म्याडम! पाहा, कशी झाली?"

मीच विचारलं, "काकू, हे का केलंत?"

"काऊन म्हणजे? एवढा मोठा पाहुणा आज माह्या घरी येऊन राह्यला, अन् भिंत अशी कायीकुट्ट? तुमचं काम तं झालं ना परवा. ते पोरगी रडली, तुमी टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, आता आपल्या घराले आपलं रूप देऊन टाका. पाहुणा आला अन् भिंत पोतारली नाई, तं लोक काय म्हणतीन मले?"

त्यांचं काय चुकलं होतं? एकच प्रसंग अर्धा परवा आणि अर्धा आज घेतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. परवा टाळ्या वाजल्या, म्हणजे झालं.

दिग्दर्शक तिशीतला, शांत मुलगा. त्याने भिंत बघितली, घड्याळ बघितलं आणि वैशालीला बाजूला घेतलं. "ताई, तीनपर्यंत बघा. नाही जुळली तर हा प्रसंगच मला काढावा लागेल. दुसरा दिवस नाही आपल्याकडे." आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. वैशाली ओट्यावर बसली. पंधरा वर्षांनी मिळालेलं स्वतःचं काम, आणि त्यातला जीव ज्या प्रसंगात होता तोच जाणार होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सुमनकाकूंना एव्हाना सगळं समजलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरला. मग त्या भिंतीपाशी गेल्या आणि बोटाने चुना खरवडून पाहिला.

"वल्ला हाय अजून. आताच पुसला तं निघते. उन्ह चढलं का मंग नाई निघत."

वैशालीने मान वर केली. त्या भिंतीवर सरसाचा हात होता, म्हणजे चुन्याखालचे डाग शाबूत असणार होते. आम्ही तिघी फडकी पिळून पिळून, न घासता, वरून खाली चुना टिपायला लागलो. हळूहळू खालची काजळी वर आली, चहाचे ओघळ आले. साडेनऊला दाराकडची अर्धी भिंत वैशालीच्या फोनमधल्या परवाच्या फोटोशी जुळत होती. जरा पांढुरकी राहिली होती, ती मी माझ्या लॅबमधल्या, दात रंगवायच्या ब्रशने दुरुस्त केली. हो, ब्रश मी प्रवासातही नेते. घरचे यावरून हसतात, या वेळी माझा मान राहिला.

उजवीकडची बाजू मात्र उन्हाच्या तोंडावर होती. तिथला चुना वाळून बसला. सुदैवाने तो भाग परवाच्या चित्रात आलाच नव्हता. तिथे बाप टेकून बसणार होता. वैशाली काजळी घेऊन नवे डाग पाडायला लागली, तशा काकू मागून बोलल्या.

"राग नोका येऊ देऊ, पण हे असं नाई होत. माणूस रोज टेकला तं काया डाग नाई पडत, तेलाचा पडते. अन् एवढ्या वर नाई पडत. थांबा." त्यांनी आत हाक मारली. "अहो, इकडं या जरा!"

वामनराव आले. काकूंनी त्यांच्या डोक्यावर खोबरेल तेल थापलं आणि त्यांना भिंतीपाशी बसवलं.

"आता हलू नोका."

"कवापर्यंत?"

"तीन वाजेपर्यंत."

"कापूस कोण वेचीन?"

"कापूस कुठी पयून नाई जात. डोकं घासा!"

गावच्या निम्म्या लोकांनी येऊन हा सोहळा बघितला. वामनराव बिडी मागत होते, चहा मागत होते, सिनेमात काम करायचे पैसे मागत होते आणि डोकं घासत होते. मधूनच डुलकी लागली की त्यांचं डोकं आपोआप डावीकडे कलायचं, आणि डागाला जी लांबट शेपटी आली ती कुठल्याच कलाकाराला सुचली नसती. वैशाली जवळ बसून फक्त बघत होती. अडीचला तिने त्यांना उठवलं, डागावर चिमूटभर धूळ फुंकली आणि थांबली. त्याहून जास्त तिने काही केलं नाही.

चारला ऊन आलं. नट आला, बसला आणि त्याने आपसूक डोकं बरोब्बर त्या डागावर टेकवलं. त्याच्या केसांना तेल लागलं म्हणून मेकअपवाल्या बाई कुरकुरल्या, पण दिग्दर्शकाने एका हाताने त्यांना गप्प केलं. दुसऱ्यांदाच प्रसंग पसंत पडला.

सूर्य बुडायच्या आत दिग्दर्शकाने काका-काकूंना बोलावून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दोन्ही भाग लागोपाठ दाखवले. वामनराव स्वतःच्या जागेवर दुसऱ्याला बसलेलं बघून जरा खट्टू झाले. काकूंनी पदराने चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि वैशालीला विचारलं,

"म्याडम, हे तं आमचंच घर हाय. यात तुमी काय केलं?"

वैशाली हसली, मग रडली, मग काकूंच्या निळ्या हातांना धरून पुन्हा हसली. काकू घाबरल्या. "काऊन रडून राह्यल्या बापा ह्या?" त्या मला विचारत होत्या.

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली. "सिनेमा नसला तरी येजो," म्हणाल्या. भिंत दोन दिवसांनी सिनेमावाल्यांनी रंगवून द्यायची ठरली होती. काकूंनी निळा चुनाच मागितला. तो गुलाबी ऑइलपेंट त्यांना मुळात आवडलाच नव्हता, मुलीच्या हट्टापायी केला होता.

जायचं असेल तर थंडीत जा. संत्री असतात, ऊन सोसवतं. तळेगावहून आष्टी जवळच आहे. बेचाळीसच्या उठावाचं गाव म्हणून ती पाहायची माझ्या मनात होती, पण भिंतीपायी ते राहून गेलं. तुम्ही तसं करू नका.

घरी आल्यावर नखांतली काजळी आठवडाभर निघाली नाही. लॅबमध्ये गिऱ्हाइकं अजून पांढरेशुभ्र दात मागतात आणि मी अजून वाद घालते.

परवा वैशालीने तो प्रसंग जोडून पाठवला. मी उभ्या उभ्या बघितला. मुलगी दारात, बाप बसलेला. तो मान वर करतो, ती रडते. मी तो पुन्हा पहिल्यापासून लावला. तेवढ्यात तिचा मेसेज आला, "भिंत कशी दिसतेय?"

जी भिंत मी सकाळभर टिपली होती, ती बघायला मी विसरले होते.

"कुठली भिंत?" मी लिहिलं.

मग एकच शब्द आला, "जमलं."