बायका बोटीत, नवरे मीटिंगला

सगळ्या बायकांना बोटीत बसवून मी समुद्रात पाठवून दिलं आणि त्यांच्या नवऱ्यांना एसी हॉलमध्ये कोंडलं. माझ्या नोकरीधंद्यातला हा सगळ्यात मोठा मूर्खपणा. आणि तो मी झोकात केला. गळ्यात आयडी कार्ड, हातात वॉकीटॉकी. जेट्टीवर उभी राहून टाटापण केलं.

तेव्हा मी उल्हासनगरच्या ट्रॅव्हल एजन्सीतली नोकरी सोडून अंबरनाथला घरच्या गॅलरीत टेबल टाकलं होतं. पहिलं मोठं काम मिळालं ते मेघराजशेठचं. त्यांचा एमआयडीसीत मिक्सरचा कारखाना. शहाडपासून बदलापूरपर्यंत त्यांचे डीलर, म्हणजे मिक्सर विकणारे दुकानदार. त्यांना बायकांसकट अंदमानला न्यायचं, अर्धा दिवस मीटिंग, बाकी मजा. याला डीलर मीट म्हणतात. मजा ही मीटिंगची लाच असते, पण तसं उघड कोणी बोलत नाही.

त्या वर्षी शेठने नवीन मॉडेल काढलं होतं. त्यासाठी नवी असेंब्ली लाइन टाकली, अंबरनाथच्या पोरी कामावर घेतल्या. निघायच्या आधीच मला म्हणाले, "मॅडम, वहां बुकिंग हुआ तो लाइन चालू. नहीं तो ताला. और आपका भी ये पहला और आखिरी काम." बुकिंग म्हणजे कोण किती माल उचलणार, ते तिथल्या तिथे कबूल करणं.

मीटिंग चालू असताना बायकांनी काय करायचं, याला आमच्या धंद्यात 'स्पाउस प्रोग्रॅम' म्हणतात. मी ठरवलं, त्यांना बोटीने पलीकडच्या बीचवर पाठवायचं. नारळपाणी, शिंपल्यांच्या माळा, फोटो. बिचाऱ्यांना मीटिंगमधलं काय कळणार! हे मत कोणाचं? जिच्या नवऱ्याने जन्मात तिला न विचारता पंखासुद्धा घेतला नाही, तिचं.

हॉलमध्ये शेठचं भाषण झालं, स्लाइड्स झाल्या. डीलर फुलाफुलांचे शर्ट घालून खिडकीतून समुद्र बघत होते. मी माइक घेतला आणि बुकिंगसाठी पहिलं नाव पुकारलं. बदलापूरचे दिनकरराव.

"घरी विचारून सांगतो," दिनकरराव म्हणाले.

"अहो, दुकान तुमचं ना?"

"बोर्डवर नाव माझं आहे."

पुढचे उल्हासनगरचे नारीभाई. "मॅडम, काउंटर पे कविता बैठती है. मैं तो टेम्पो के साथ घूमता हूं."

तिसरा तेच. चौथा तेच. मला वाटलं, टाळताहेत. पण नाही. नवरा मुंबईहून माल आणायला, डिलिव्हरीला, रिपेअरिंगला बाहेर. गल्ल्यावर बायको. गिऱ्हाईक मिक्सर परत घेऊन येतं आणि भांडतं ते तिच्याशी. तिच्या मनात नसेल तो माल दुकानाची पायरी चढत नाही. इतकी वर्षं त्याच बाजारात मी खरेदी करत होते. काउंटरमागे कोण बसतं ते रोज बघत होते. पण आयडी कार्ड गळ्यात पडलं की डोक्याचं काहीतरी होतं.

शेठने मला कोपऱ्यात घेतलं. "घर में पूछना है तो पूछो ना! घर किधर है इनका?"

मी समुद्राकडे हात केला.

"फोन लगाओ!"

फोन लागेना. त्या बीचवर रेंज नाही, हे मला माहीत होतं. प्रोग्रॅमच्या पत्रकात त्यालाच मी 'निवांत परिसर' म्हटलं होतं. दुसरी बोट मागितली, तर हॉटेलवाला म्हणाला, वारा वाढलाय, गेलेली येईल तेव्हा येईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आम्हाला परत निघायचं होतं.

जेवण झालं. डीलर खुर्च्यांवरच घोरायला लागले. शेठ येरझाऱ्या घालत होते आणि प्रत्येक फेरीला माझ्याकडे बघून सिंधीत काहीतरी बोलत होते. मला सिंधी येत नाही, पण उल्हासनगरात नोकरी केल्यावर तेवढं कळतं.

शेवटी मी वॉकीटॉकी ठेवली आणि टेबल उचललं. मीटिंग जेट्टीवर नेली. तिकिटाच्या खिडकीतून वायर ओढली, हॉटेलच्या किचनमधून भिजवलेली डाळ आणली, मिक्सर मांडला. डीलरांना उठवून रांगेत उभं केलं.

बोट लागली. बायका उतरल्या. केस ओले, सलवारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, हातात चपला. दिनकररावांच्या सुलभावहिनी तर नवऱ्याचा टी-शर्ट घालून कोणाच्या तरी जोकवर हसत होत्या. पाय फळीला लागतोय न लागतोय तोच सगळे नवरे एकदम, "अगं, हे बघ जरा!"

हसणं थांबलं. कविताभाभींनी ओढणीला हात पुसून झाकण उघडलं. "शेठजी, जार का रबर अलग से मिलेगा?"

"मिलेगा, भाभी."

"कब? फोन करने के बाद, या रोने के बाद?"

"आणि रिपेअरिंगला तुमचा माणूस बदलापूरला येणार," सुलभावहिनींनी विचारलं, "की आम्ही मिक्सर मांडीवर घेऊन रिक्षाने अंबरनाथ गाठायचं?"

शेठने भाषणात जे जे सांगायचं टाळलं होतं ते सगळं त्यांना तिथे उभ्याउभ्या कबूल करावं लागलं. माणूस येणार. रबर मिळणार. डाळ तीनदा वाटून झाली. काहींनी नाक मुरडलं आणि सरळ हॉटेलकडे चालू पडल्या. पण अंधार पडेपर्यंत लाइन चालू राहील इतकं बुकिंग झालं. शेठ मला चक्क "बैठो" म्हणाले.

धडा साधा आहे. हॉल बुक करण्याआधी त्या धंद्यात 'हो' कोण म्हणतं याची चौकशी करावी. पुढे नवीन पोरांना मी हे फार ऐटीत शिकवत असे.

एक गोष्ट मात्र त्यांना कधी सांगितली नाही. परतताना विमानतळावर मी सुलभावहिनींच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून वाचले. पुढच्या मीटला तुम्हाला सकाळपासून हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसवते."

त्या म्हणाल्या, "नको हो ताई. दुकान काढल्यापासून काल पहिल्यांदा मला कोणी काही विचारत नव्हतं. पाण्यात पाय सोडून नुसती बसले होते. येताना लांबून तुम्ही त्या मिक्सरशेजारी उभ्या दिसलात ना, तेव्हा बोटवाल्याला म्हटलं, परत फिरव."