शेंदराआडचे ओठ

“झांज खाली ठेव! अरे धोंडू, झांज खाली ठेव आणि बाहेर हो!”

गणूबुवांची ही आरोळी लालबागच्या आमच्या चाळीतून निघाली ती थेट घोडपदेवला गेली आणि तिथले कावळे उडवून परत आली. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यांना विचारा. साऱ्या मुंबईत ती फक्त एका माणसाला ऐकू आली नाही, आणि तो माणूस बुवांच्या पुढ्यातच मांडी घालून बसला होता. धोंडूतात्या डोळे मिटून झांज बडवत होते... ताल एकीकडे, ते एकीकडे. शेवटी मी मृदंग बाजूला सारला आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

तात्यांना जाऊन आता दीड महिना झाला. दोन दिवस ताप आला, आणि तिसऱ्या पहाटे गिरणीच्या भोंग्यानं सगळी चाळ उठली, तात्या उठले नाहीत. तसा भोंगा त्यांना कधीच ऐकू यायचा नाही, त्यांची बायको काशीकाकी खांदा हलवून उठवायची. त्या दिवशीही तिनं हलवला...

परळच्या गिरणीत तात्यांनी तीस वर्षं साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. साचेखात्यात एका वेळी किती साचे खडखडतात ते मला विचारू नका, मी एकदा निरोप घेऊन आत गेलो होतो तर बाहेर आल्यावर दोन दिवस मला बायकोचं बोलणंसुद्धा गोड वाटत होतं. त्या गोंगाटात विणकर कानानं ऐकतच नाहीत. पलीकडच्या साच्यावरचा माणूस नुसते ओठ हलवतो, हा ते वाचतो आणि हात वर करतो, म्हणजे समजलं. तीस वर्षांनी तात्यांचे कान गिरणीतच राहिले आणि डोळे मात्र असे तयार झाले की समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कोण कुणाला शिव्या देतंय ते ते विडी ओढत शब्दन् शब्द सांगत. आमच्याकडच्या बायका भांडायच्या आधी तोंडावर पदर घेत.

त्या रविवारी सकाळी भजनात हेच नडलं. गणूबुवांनी अभंग धरला होता. आम्ही सगळे मागून ओढत होतो, आणि त्या कल्लोळाच्या आडोशानं बुवांनी दारात उभ्या असलेल्या बायकोला काहीतरी विचारलं. शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आलं नाही. तात्यांनी वाचलं. आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

“बुवा,” तात्या गरजले, “देवाला आळवताय की सुकटीला? चुलीवर टाकली का म्हणून काय विचारताय?”

पुढचं वर सांगितलंच आहे.

तात्यांना हसून घेता आलं असतं, पण ते फार लागलं त्यांना. गिरणीतलं काम सुटल्यावर सगळ्यांनी सांगितलं होतं, आता बसा आणि देवाचं नाव घ्या. नाव घ्यायची आमच्याकडे जागा एकच, ती भजनाची खोली. संध्याकाळी ते मला म्हणाले, “बाबल, कीर्तन ऐकू येत नाही, भजनात बसू देत नाहीत. मग मी देवाकडं जायचं तरी कुठनं रे?” हात धरून बाहेर नेणारा मीच होतो. मी नुसते ओठ हलवले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “ह्यात शब्दच नाहीत.”

आमच्या चाळीच्या अंगणात एक मारुती आहे. शनिवार सोडला तर त्याच्याकडे मांजरसुद्धा बघत नसे. दुसऱ्या दिवसापासून तात्या तिथे जाऊन बसू लागले. आधी झाडलं, मग नळावरून कळशी आणून ओटा धुतला. काजळीनं कोळसा झालेली समई राखेनं घासली तेव्हा कळलं की ती पितळेची आहे! साच्यावरच्या तुटक्या सुताच्या वाती वळल्या, दोन तुकडे जोडताना विणकराची ती बारीक गाठ मारली, जी बोटाला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. हे सगळं करताना नजर मात्र मारुतीच्या तोंडावर.

मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी समोर जाऊन उभा राहिलो. “तात्या, काय बघता एवढं?”

“ओठ.”

“कुणाचे?”

“तुझे रोजच बघतो, त्यात काय नसतं. ह्याचे.” मग माझं उघडं तोंड बघून म्हणाले, “तीस वर्षं माणसांचं वाचलं. हा बोलतच नसेल कशावरून? आपण बघत नसू.”

“अहो, पण चार बोटं शेंदूर चढलाय! नाक कुठलं आणि तोंड कुठलं, ते घडवणाऱ्यालासुद्धा ओळखता यायचं नाही.”

“म्हणून तर जवळ बसावं लागतं,” तात्या म्हणाले आणि राखेची मूठ उचलली.

पुढे हे वेड घरात शिरलं. तात्या तांदूळ निवडायला बसले की एकेका दाण्याकडे असे बघत की तो आता काही बोलणार. नळावर हंडा भरताना धारेकडे बघत. काकी चिडायची, “भाकरी खा मुकाट्यानं, तिला काय तोंड आहे?” तात्या म्हणत, “तो कुठनं बोलेल सांगता येत नाय.” मी हसायचो. पण एक सांगतो, तात्यांनी निवडलेल्या तांदळात खडा सापडला नाही कधी, आणि वर्षभरात त्यांच्या कपाळावरची ती गिरणीतली आठी पार पुसली गेली.

गणूबुवाही एकदा अंगणात आले. तात्यांसमोर उकिडवे बसले आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवून म्हणाले, “रविवारी ये. चुकलं माझं.” तात्यांनी वाचलं, बुवांच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “सुकट करपली नव्हती ना?” पण भजनाला काही गेले नाहीत.

आणि मग ती दुपार. मी गॅलरीत दात कोरत उभा होतो. खाली तात्या समई पुसत होते. पुसता पुसता थांबले. मान वर केली. मारुतीकडे नीट, गिरणीत बघत तसं बघितलं... आणि उजवा हात वर केला. समजलं.

मी जिना उतरलो नाही, जिन्यावरून पडलो म्हणा! धापा टाकत विचारलं, “काय म्हणाला? तात्या, काय म्हणाला?”

बहिऱ्या माणसाला बोलणं संपवायचं असलं की तो काय करतो माहीत आहे? डोळे मिटतो. तात्यांनी हसत हसत डोळे मिटले. नंतर जगले तितके महिने मी कितीदा विचारलं, तितक्यांदा मिटले.

आता मारुतीपुढची समई पुन्हा काळी पडू लागली आहे. तात्यांनी वळलेल्या वाती डब्यात आहेत, आठवण झाली तर कुणीतरी एक लावतं, ती तेलात बुडून विझते. परवा मला राहवलं नाही. काशीकाकी दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. एकेक दाणा बघत होती. मी शेजारी बसलो.

“काकी, खरं सांग. त्या दुपारी मारुती त्यांना काय म्हणाला? तुला तरी बोलले असतील.”

काकीनं एक खडा काढून अंगणात टाकला.

“‘वात पुढं सार’ म्हणाला.”