आबांना 'पुढे जा' मी शिकवलं

माझ्या सासऱ्यांना धोक्याची सूचना ओलांडून पुढे जायला मीच शिकवलं.

आबांना जाऊन आज वर्ष झालं. घरी नैवेद्याचा स्वयंपाक अर्धा टाकून मी बारामतीत एका दवाखान्याच्या बाकावर बसलेय. घाईत मोबाइलवर लिहितेय, टायपिंगच्या चुका समजून घ्या.

आमची काटेवाडीत रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कलिंगड. वेबसाइट मी स्वतः बनवलेली, रोपांचं बुकिंग तिच्यावरच येतं. सकाळचा चहा झाला की आबा मोबाइलवर साइट उघडून कोणाचं बुकिंग आलंय ते बघायचे.

एक दिवस साइटच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटची मुदत संपली. साइटच्या जागी लाल त्रिकोण आला.

आबा मोबाइल घेऊन थेट स्वयंपाकघरात.

"वैशाली, हितं लिव्हलंय, तुमचं कनेक्शन खाजगी न्हाय. कुठलं गं, मोटारीचं का?"

मला हसू आवरेना.

"आन हल्लेखोर हायत म्हणतंय."

"काही नाही हो आबा. गाडीची पीयूसी संपली तरी गाडी चालते ना? तसंच आहे. खाली 'प्रगत' लिहिलंय ते दाबा. मग 'पुढे जा' दाबा."

"प्रगत म्हंजी आपुनच की." प्रगतशील शेतकरी म्हणून शाल-नारळ मिळालेला माणूस, त्यांना ते बटण फारच आवडलं.

दुरुस्त करायला हवं होतं. उद्या करू, परवा करू, लागवडीची घाई संपू दे. दोन महिने चालढकल केली.

इंदापूरहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, तुमच्या साइटवर चोर बसल्यात का?" त्यांनाही मी तेच सांगितलं. पुढे जा दाबा.

आबांच्या तर ते तोंडातच बसलं. गुडघा दुखला, प्रगत, पुढं जा. मोटार बंद पडली, प्रगत, पुढं जा. आम्ही सगळे हसायचो.

मग ती सकाळ.

आबा शेडनेटमध्ये रोपांचे ट्रे भरत होते. मी चहा घेऊन गेले तर छातीवर हात धरून उभे, कपाळाला घाम.

"आबा, दवाखान्यात जाऊया का?"

"आगं, इशारा देत्यात नुसतं. तूच म्हणतीस की. पुढं जायाचं."

आणि मी हसले.

मी हसले हो. कप त्यांच्या हातात दिला आणि परत फिरले.

दुपारी ते ट्रेवरच कोसळले. बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी लॅपटॉप उघडला. होस्टिंगवर लॉगिन केलं, नवीन सर्टिफिकेट घेतलं, ते दर तीन महिन्यांनी आपोआप बदलेल असं सेटिंग केलं. लाल त्रिकोण गेला.

वीस मिनिटं लागली. फक्त वीस.

तेव्हापासून मला भीती वाटते. गाडीचा लाल दिवा लागला तरी तिथेच बाजूला घेऊन थांबते. त्या 'आपोआप'वर माझा विश्वास नाही, रोज उठून आधी साइट उघडून बघते. सासूबाई दुपारी झोपल्या की दारात उभी राहून त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. त्यांना माहीत नाही.

आज पुरण वाटताना त्या मध्येच थांबल्या. डावा खांदा चोळला.

"आई, काय होतंय?"

"काय न्हाय. जरा दम लागलाय."

मी गॅस बंद केला.

"उठा आई. गाडी काढते."

"खुळी का काय तू? पाव्हणं यायच्यात. आबांचं पान वाढायचं हाय."

"आबा थांबतील," म्हटलं.

रस्ताभर त्या माझ्यावर चिडल्या होत्या. आत ईसीजी काढतायत. कागद अजून बाहेर आलेला नाही. दार उघडलं की मी उठून उभी राहते.

आबा, त्या लाल पानावर एक मोठं निळं बटण पण असतं. 'सुरक्षिततेकडे परत जा' असं लिहिलेलं. ते मी तुम्हाला कधी दाखवलंच नाही.

आज दाबलंय.

उशीर झालेला नसू दे. तुमचं पान आम्ही दोघी घरी आलो की वाढू. इथूनच तुम्हाला हात जोडते.